भाटवेळची चौथी तिमाही

तेजोमृदा कंपनीला अकरा वर्षांत एकदाही नफा झालेला नव्हता, आणि हे भाटवेळ गावात कुणापासून लपलेलं नव्हतं. दर तीन महिन्यांनी कंपनीचा निकाल लागायचा. त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहातला मोठा पडदा सुरू व्हायचा आणि मासळीबाजार आटोपून आलेल्या बायका टोपल्या बाहेर ठेवून आत येऊन बसायच्या. ‘घसारा’, ‘संचित तोटा’ हे शब्द त्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की होडीचं इंजिन कुरकुरायला लागलं की त्या म्हणायच्या, हेचो आता घसारो काढूक होयो.

पडद्यावर मुंबईहून कंपनीचे प्रमुख परिमल शहाणे आकडे वाचत. वाचून झाले की त्यांचा आवाज जरा खाली येई आणि ते सांगत, की यामागची तांत्रिक कारणं आमच्या मुख्य रसायनशास्त्रज्ञ डॉ. मृणाल तोडणकर सांगतील. मग मृणाल बोले. ती भाटवेळलाच, कारखान्यातल्या आपल्या खोलीत बसलेली असे.

कारणं दरवेळी वेगळी असत आणि दरवेळी खरी असत. पहिल्या वर्षी कारखानाच उभा नव्हता. दुसऱ्या वर्षी वादळात जेटी गेली. तिसऱ्या वर्षी जिवाणूंच्या टाक्यांत बुरशी शिरली आणि अर्ध्या वर्षाचं काम गटारात गेलं. मग माल तयार व्हायला लागला, तेवढ्यात तोच माल परदेशातून एक तृतीयांश भावाने येऊ लागला. पुढे थोरियमच्या खड्ड्यांचे नियम कडक झाले आणि आलेला सगळा पैसा सिमेंटमध्ये गेला. सातव्या वर्षी नफा अगदी उंबऱ्याशी आला होता, तर भट्टीतले धातूचे ट्रे एकमेकांना आणि भट्टीच्या दाराला असे चिकटून बसले की पहारीने निघेनात. भट्टी फोडून नवी बांधावी लागली. त्यानंतरची वर्षं त्या भट्टीचं कर्ज फेडण्यात गेली.

मृणाल सारवासारव करत नसे. चूक झाली असली तर चूक झाली म्हणायची. त्यामुळे पैसे गुंतवणारे तिचं ऐकायचे. एका विश्लेषकाने तर उघड लिहिलं होतं, की या कंपनीचे मागचे निकाल पाहिले की शेअर विकून टाकावासा वाटतो, आणि डॉ. तोडणकरांना ऐकलं की थांबावंसं वाटतं.

कंपनी काय करत होती ते सांगायला हवं. भाटवेळच्या किनाऱ्यावर काळी रेव होती. त्या रेवेत मोनाझाइट नावाचं खनिज होतं, आणि मोनाझाइटमध्ये ज्यांना दुर्मिळ मृदा म्हणतात ते धातू. मोटारी, पवनचक्क्या, ड्रोन, रोबो, ज्यात ज्यात ताकदवान चुंबक लागतो, त्या सगळ्यांना निओडिमियम आणि डिस्प्रोशियम हे धातू हवे असत. खरं तर हे धातू फारसे दुर्मिळ नाहीत. अडचण अशी की ते पंधरा-सोळा भावंडांसारखे एकत्र नांदतात आणि सगळ्यांचे चेहरे सारखे. एकाला दुसऱ्यापासून वेगळं करायला आम्लांच्या शेकडो टाक्या लागतात. मृणालने त्यावर वेगळी वाट काढली होती. मातीतले काही जिवाणू हे धातू खाऊन जगतात. त्यांच्या अंगात एक प्रथिन असतं, ते बरोबर हव्या त्या धातूलाच मिठी मारतं. त्या प्रथिनात थोडा फेरफार करून, ते काचेच्या मण्यांवर बसवून, तिने नळकांड्यांची एक रांग उभी केली होती. एका टोकाने सगळी भावंडं आत जात आणि दुसऱ्या टोकाने एकेक जण वेगळा होऊन बाहेर येई.

एकच पाहुणा कुणालाच नको होता, तो म्हणजे थोरियम. मोनाझाइटबरोबर तो येतोच. किरणोत्सारी असतो, त्याला गिऱ्हाईक नव्हतं. तो चिखलाच्या रूपात कारखान्यामागच्या सिमेंटच्या खड्ड्यांत साठवायचा, वर पत्र्याचं छप्पर घालायचं आणि आत पाणी शिरणार नाही हे पाहायचं. पावसाळ्यात त्यासाठी पंप अखंड चालत.

गावाने रेव दिली त्याची कथा मृणालच्या घरातलीच. तिचा थोरला दीर अनंत तोडणकर तेव्हा सरपंच होता. मृणालचा नवरा मंदार काविळीने गेला त्याला चारच वर्षं झाली होती. ती मुंबईची प्रयोगशाळा सोडून लेक ईराला घेऊन सासरी राहायला आली होती. समुद्र दरवर्षी गावात थोडा आणखी आत येत होता. माडांची पहिली रांग गेली, दुसरी गेली, उधाणाला पाणी परसात यायला लागलं. गाव उचलून वर डोंगरमाथ्याच्या सड्यावर न्यायचं तर जमीन हवी, रस्ता हवा, पाणी हवं. तेवढा पैसा कुणी द्यायला तयार नव्हतं. तेव्हा कंपनीने भाड्याऐवजी गावाला शेअर देऊ केले. अट एकच घातली. सलग चार तिमाह्या नफा झाल्याशिवाय गावाने ते शेअर विकायचे नाहीत. गावाने आधीच विकायला काढले तर भाव कोसळेल अशी गुंतवणूकदारांना भीती होती.

ग्रामसभेत लोक कुरबुरत होते. अनंतभाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या भावाची बायको सांगता, म्हणजे तां खरा. माका दुसरा कायव समजत नाय." ठराव मंजूर झाला.

बाराव्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत कंपनीला नफा झाला.

मोठा नव्हता. पण परिमल शहाणे आकडा वाचून थांबले आणि पुन्हा एकदा तोच आकडा वाचला. मृणालची नवी नळकांडी अखेर डिस्प्रोशियम शुद्ध वेगळं काढू लागली होती आणि बाजारात भाव चढला होता. सभागृहात आरडाओरडा झाला नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी मिळून भाऊजींकडे. भाऊजी म्हणाले, आता आणखी तीन. दुसऱ्या दिवशी ते चार माणसं घेऊन सड्यावरची जमीन पाहायला गेले. कुणाचं घर कुठे येईल यावरून जांभ्याच्या उघड्या कातळावर उभ्या उभ्या दोघांचं भांडणही झालं.

त्या हिवाळ्यात ईरा आली. ती बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत धातूंवर काम करत होती. आईसारखीच उंच, आईसारखीच बोलताना हात हलवणारी. लहानपणी मृणाल तिला खेळायला मुंबईच्या प्रयोगशाळेतले बाद चुंबक द्यायची, त्यातूनच तिला हे वेड लागलं होतं. पहिल्या दिवशी ती नुसती झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी जेवायला बसल्या. बांगड्याचं तिखलं होतं, भाकरी होती, आणि ईरा बोलायला लागली.

तिच्या गटाचं काम लोखंड आणि निकेलवर चाललं होतं. अवकाशातून पडणाऱ्या काही अशनींमध्ये एक विलक्षण पदार्थ सापडतो. त्यात लोखंडाच्या अणूंचा एक थर, मग निकेलचा एक थर, असे एकाआड एक थर रचलेले असतात. त्या रचनेमुळे तो पदार्थ दुर्मिळ मृदांइतका नाही तरी त्याच्या जवळपास ताकदीचा चुंबक असतो. लोखंड आणि निकेल दोन्ही स्वस्त, दोन्ही मुबलक. अडचण वेळेची. अणूंना असं ओळीत बसायचं तर गारव्यात हळूहळू सरकत जावं लागतं, आणि अशनींना त्यासाठी लाखो वर्षं मिळालेली असतात. उष्णता वाढवून घाई केली तर रांग मोडते.

"फॉस्फरसने आम्ही ते काम काही तासांवर आणलंय, आई," ईरा म्हणाली. "पातळ पापुद्रा केला तर सगळा बसतो. अगदी सुरेख. पण जाड तुकडा घेतला की नुसती वरची साल बसते, आत सगळा गोंधळच. अणूंना आत हलायला जागाच नाही."

मार्चमध्ये गटाचं अनुदान संपत होतं. तोवर मुठीएवढा तुकडा दाखवता आला तर पुढची पाच वर्षं मिळतील, नाहीतर गट बंद. ईरा हे सांगताना हसत होती, पण भाकरीचा तुकडा हातात तसाच होता.

मृणालच्या मनात आलं, पोरीला जरा हसवावं. म्हणून ती भट्टीतल्या ट्रेची गोष्ट सांगायला लागली. पाच माणसं पहार घेऊन कशी झोंबत होती, पहारच कशी ट्रेला चिकटून बसली. तिने सुरुवात केली, आणि एका वाक्यानंतर ती थांबली.

ते ट्रे निकेल आणि लोखंडाच्या मिश्रणाचे होते. मोनाझाइट हे फॉस्फेट, तेव्हा त्याच्या धुळीतून ट्रेमध्ये थोडा फॉस्फरस मुरलेला असणार. आणि त्या भट्टीत चुंबकांसाठीच्या मिश्रधातूचा भुगा करायला हायड्रोजन सोडत, मग काढून घेत, पुन्हा सोडत. महिनोन् महिने. हायड्रोजन धातूत शिरतो तेव्हा धातू फुगतो, बाहेर पडतो तेव्हा आत मोकळ्या जागा सोडून जातो. त्या मोकळ्या जागांमधून अणू सरकले असणार. बोटभर जाडीचे ट्रे आरपार चुंबक झाले होते. त्या वेळी तिने ते दूषित धातूवर ढकललं होतं आणि निकालाच्या बैठकीत तसंच, स्वतःला खरं वाटत होतं म्हणून, सांगितलंही होतं. एक अख्खं तोट्याचं वर्ष तिच्या डोळ्यांसमोर हे घडलं होतं, आणि तिला ते दिसलं नव्हतं.

"मग काय झालं?" ईराने विचारलं.

"मग काय, भट्टी फोडली," मृणाल म्हणाली आणि उठून भात आणायला आत गेली.

स्वयंपाकघरात ती जरा वेळ उभी राहिली. हे ईराला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ईराने संक्रांतीच्या आत मुठीएवढा तुकडा करून दाखवला असता. दुसऱ्या दिवशी जगभर बातमी झाली असती, आणि तिसऱ्या दिवशी तेजोमृदाचा शेअर कुणी फुकटही घेतला नसता. गावाला अजून तीन तिमाह्या काढायच्या होत्या. तिने मनाशी हिशेब केला, की नऊ महिने थांबायचं. गावाचे शेअर विकले गेले की त्याच संध्याकाळी फोन करायचा. निसर्गाचा नियम कुठे पळून जात नाही. ईरा तरुण आहे.

ते शेअर विकत घेणाराही कुणीतरी माणूसच असेल, हेही तिच्या मनात आलं. तिने भात वाढला.

ईरा चार दिवस राहिली. मृणालने तिला बरंच काही सुचवलं. सगळं उपयोगाचं होतं आणि त्यातलं काहीही पुरेसं नव्हतं. जाताना ईराने तिला मिठी मारली आणि म्हणाली, तुझ्याशी बोललं की डोकं साफ होतं.

दुसऱ्या तिमाहीचा नफा पहिल्याहून मोठा होता. त्या बैठकीत एका बाईने पडद्यावरून प्रश्न विचारला. दुर्मिळ मृदांशिवाय चालणाऱ्या चुंबकांवर ठिकठिकाणी संशोधन सुरू आहे, त्याचा कंपनीला नजीकच्या काळात धोका वाटतो का? परिमल शहाण्यांनी नेहमीप्रमाणे प्रश्न मृणालकडे दिला.

"असं संशोधन पुष्कळ वर्षं चालू आहे," मृणाल म्हणाली. "जाड तुकड्यात ते जमल्याचं माझ्या माहितीत नाही."

तोट्याच्या अकरा वर्षांत ती कधी खोटं बोलली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. शेअर त्या दिवशी आणखी चढला आणि ग्रामपंचायतीत कुणीतरी पेढे आणले.

मार्चमध्ये ईराचा गट बंद झाला. तिने फोनवर सांगितलं ते अगदी थोडक्यात. उपकरणं दुसऱ्या विभागाला गेली, तिचे सर निवृत्त झाले, तिला हैदराबादला एका शिकवणीच्या कंपनीत काम मिळालं. प्रवेशपरीक्षेसाठी भौतिकशास्त्राचे धडे तयार करायचे. पगार बरा होता. मृणाल म्हणाली, थोडे दिवस कर, मग पुन्हा बघू. ईरा म्हणाली, "नाही गं. मला वाटतं मी त्यातली नाही. सहा वर्षं एकाच दारावर डोकं आपटत होते. ज्याला ते उघडायचं असतं त्याला दिसतं, मला दिसलं नाही." मग तिने विषय बदलला.

मृणालने त्या दिवशी फोन खाली ठेवून पुन्हा उचलला होता. नंबर लावला नाही. तिसऱ्या तिमाहीला दोनच महिने उरले होते, चौथीला पाच. इतकं थांबलो, आता मध्येच सोडलं तर कुणाचंच काही होणार नाही, असं तिने स्वतःला समजावलं. तिसऱ्या तिमाहीतही नफा झाला. भाऊजींनी सड्यावरच्या जमिनीचा साठेकरार केला. इसार म्हणून घराघरांतून जे निघालं ते दिलं; कुणी होडी गहाण टाकली, कुणी पाटल्या मोडल्या. मृणालने विचारलं, एवढी घाई कशाला. भाऊजी म्हणाले, जमीनवालो थांबाक तयार नाय, आणि तीन झाले तसो चौथो पण होतलोच.

चौथी तिमाही संपायला तीन आठवडे होते तेव्हा उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या प्रयोगशाळेने निबंध प्रसिद्ध केला. लोखंड, निकेल, चिमूटभर फॉस्फरस, आणि हायड्रोजन आत-बाहेर करण्याच्या फेऱ्या. सोबत फोटो होता. एका संशोधकाने तळहातावर विटेच्या आकाराचा करडा तुकडा धरला होता आणि त्याला लटकून लोखंडाची खुर्ची हवेत लोंबत होती.

मृणालने निबंध उभ्यानेच वाचला. त्यात चूक सापडते का ते तिने पाहिलं. सगळं बिनचूक होतं.

पुढचं फार भराभर झालं. मोटारी बनवणाऱ्यांनी मागण्या थांबवल्या, कारण सहा महिन्यांनी जे मातीमोल होणार ते आज कोण घेईल? डिस्प्रोशियमचा भाव आठवडाभरात निम्मा झाला, मग त्याचाही निम्मा. कंपनीच्या गोदामात पडलेल्या मालाची किंमत नव्या भावाने धरावी लागली, आणि त्या एका नोंदीने चौथ्या तिमाहीचा सगळा नफा खाऊन वर डोंगराएवढा तोटा दाखवला. परिमल शहाण्यांनी आकडे वाचले. तांत्रिक कारणं सांगायला त्यांनी मृणालला बोलावलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं.

कंपनी दिवाळखोरीत निघाली. दिवाळखोरीचं काम पाहायला आलेला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने मागची बारा वर्षं चाळली आणि मृणालला विचारलं, की इतकी वर्षं सतत तोटा असताना ही कंपनी चालली कशी. मृणाल म्हणाली, लोकांचा विश्वास होता. त्याने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. नळकांडी, टाक्या, भट्ट्या भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या. थोरियमच्या खड्ड्यांना बोली लावायला कुणी आलं नाही. जमीनवाल्याने इसार परत केला नाही, आणि करारानुसार त्याला तो करायचाही नव्हता.

भाऊजी एके सकाळी तिच्या पडवीत येऊन बसले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि या काही महिन्यांत एकदम म्हातारे दिसायला लागले होते. गाव त्यांना तोंडावर काही बोलत नव्हतं. पण बाजारातल्या बायका ते आले की गप्प होत. मृणालने चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतून तसाच ठेवला.

"तुझो काय दोष," ते म्हणाले. "वादळ येता तसा ह्या पण ईला. तू मनाक लावन घेव नको."

हे ती सहन करू शकली नाही. तिने सगळं सांगितलं. जेवताना आठवलेले ट्रे, नऊ महिन्यांचा हिशेब, बैठकीतलं ते एक वाक्य, ईराचा फोन. भाऊजी ऐकत राहिले. त्यांना हायड्रोजनचं काही कळलं नसेल, बाकीचं कळलं. 

"आमच्यासाठी गप रवलंस?"

"हो, भाऊजी."

"मगे चेडवाक, आपल्या ईराक, सांगूक होया होता," ते म्हणाले. "आमचा बुडाचाच होता. चेडवाचा तरी बरा झाला असता."

ते उठून गेले. बशीतला चहा तिने ओतून दिला.

ईरा पुढल्या वर्षी मे महिन्यात आली, न कळवता. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि पिशवीही खाली न ठेवता उंबऱ्यात उभी राहिली. तो निबंध तिने वाचला होता, पुन्हा पुन्हा वाचला होता, आणि त्यातली हायड्रोजनची फेरी वाचताना तिला भट्टीत चिकटलेल्या ट्रेबद्दलचं आईचं अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं होतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"केव्हापासून?"

"तू जेवत होतीस तेव्हापासून."

ईराने डोळे मिटले. ती ओरडेल असं मृणालला वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. मृणालने गावाचं सांगितलं, चार तिमाह्यांची अट सांगितली, सड्यावरची घरं सांगितली. सांगताना तिच्या लक्षात आलं, की आपण निकालाच्या बैठकीत बोलतो तसंच बोलतोय, एकेक कारण, सगळी खरी.

"मी तुला फोनवर सांगितलं होतं, मी त्यातली नाही म्हणून," ईरा म्हणाली. "तेव्हा तू म्हणालीस, थोडे दिवस कर."

 ईरा पुढे म्हणाली, की तिला श्रेय गेल्याचं फारसं वाटत नाही, ते आज ना उद्या कुणालातरी सापडलंच असतं. पण गेल्या वर्षीच्या मार्चपासून ती रोज सकाळी उठून स्वतःला मठ्ठ समजत होती, आणि ते आईला ठाऊक होतं. मग तिने विचारलं, आता तू काय करणार, माझ्याकडे येणार आहेस का. ते तिने कर्तव्य म्हणून विचारलं हे दोघींनाही कळलं. मृणाल म्हणाली, पावसाळा तोंडावर आहे आणि खड्ड्यांचे पंप भंगारवाल्याने नेलेत. काहीतरी सोय करावी लागेल. ईराने खिडकीतून त्या पत्र्यांकडे पाहिलं आणि संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली.

पावसाआधी तपासणीला एक बाई आल्या. त्या सरकारी होत्या, कामाला चोख होत्या. त्यांनी हातातलं यंत्र खड्ड्यांच्या भिंतींजवळून फिरवलं आणि म्हणाल्या, की सध्या तरी काही बाहेर येत नाहीये. छप्पर टिकलं आणि पाणी शिरलं नाही तर येणारही नाही. मृणालने स्वतःच्या पैशाने दोन पंप आणले होते, होड्यांची जुनी इंजिनं लावून चालणारे. भाऊजी आणि आणखी तिघं-चौघं पत्रे ठोकत होते.  ते तिच्यासाठी आले नव्हते, खड्डे गावाच्या विहिरींपासून दोनशे पावलांवर होते म्हणून आले होते.

बाईंनी विचारलं, किती दिवस हे असं सांभाळावं लागेल याची कल्पना आहे ना. मृणाल म्हणाली, थोरियम निम्मा व्हायला पृथ्वीच्या वयाच्या तिप्पट काळ लागतो. बाई कसनुशा हसल्या. मग त्यांनी हातातली इलेक्ट्रॉनिक पाटी उघडली. मालक कंपनी अस्तित्वात नसल्याने तात्पुरती देखभाल कोण करतं त्याची नोंद हवी होती. मृणालने आपलं नाव दिलं.

"आणि तुमच्यानंतर? दुसरं एक नाव लागतं. त्यांची संमती फोनवर चालेल."

मृणालने ईराचं नाव आणि नंबर सांगितला. बाईंनी तिथेच स्पीकरवर फोन लावला. ईराने तो उचलला. बाईंनी आपण कोण, कुठून बोलतो ते सांगितलं, खड्ड्यांचं सांगितलं, आणि तुमच्या आईंनी तुमचं नाव दिलंय म्हणाल्या.  मग ईराचा आवाज आला, शांत, स्पष्ट, वर्गात शिकवताना असतो तसा.

"नाही. माझं नाव नका घालू."

बाईंनी बरं म्हणून फोन बंद केला. त्या मृणालकडे न बघता पाटीवर बोट फिरवत राहिल्या. शिडीवर हातोडीचा आवाज थांबला होता. भाऊजी सावकाश खाली उतरले, धोतराला हात पुसत पुढे आले.

"माझा नाव घाला," ते म्हणाले. "अनंत विठोबा तोडणकर."

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. वय विचारायचा रकाना पुढेच होता. त्यांनी विचारलं, भाऊजींनी सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.